७४ डकोटा, तीन एअरबस : भारताच्या आकाशातील आसनांची गोष्ट

१/
१ ऑगस्ट १९५३ रोजी ‘इंडियन एअरलाइन्स’ या सरकारी महामंडळाने देशांतर्गत विमानसेवा ताब्यात घेतली, तेव्हा त्याच्या ताफ्यात ९९ विमाने होती. त्यांपैकी ७४ डकोटा. आज मुंबईहून उडणारी ‘ए-३२१’ जातीची तीन विमाने एका तासात जेवढी प्रवासी-वाहतूक करू शकतात, साधारण तेवढीच त्या ७४ डकोटांची एकत्रित क्षमता होती. सत्तर वर्षांत हे अंतर कसे कापले गेले आणि त्यासाठी किती कंपन्या कामी आल्या, त्याचा हा इतिहास.

२/
आधी हिशेब. विमान कंपनीची क्षमता प्रवाशांवरून मोजत नाहीत. आसनसंख्येला अंतराने गुणून येणारे ‘आसन-किलोमीटर’ हे तिचे माप. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर. १८० आसनांचे विमान एकदा गेले की २ लाख ७ हजार आसन-किलोमीटर निर्माण होतात, मग त्यात माणसे बसोत वा न बसोत. डकोटात फार तर २८ आसने, वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर. ए-३२१ मध्ये २३२ आसने, वेग ताशी सुमारे ८००. एका तासाचा फरक जवळजवळ पंचवीस पट.

३/
या मालाचा स्वभाव समजल्याशिवाय पुढचा इतिहास समजणार नाही. भाजीवाल्याची उरलेली मेथी संध्याकाळी निम्म्या दराने तरी जाते. विमानातील रिकामे आसन मात्र चाके धावपट्टी सोडताक्षणी कायमचे वाया जाते. विमानाचे भाडे, वैमानिकाचा पगार आणि बहुतेक इंधन यांचा खर्च आसन रिकामे असले तरी होतोच. म्हणून आसने कमी असली की रांगा लागतात आणि जास्त झाली की कंपन्या बुडतात. भारताने या दोन्ही अवस्था आळीपाळीने भोगल्या आहेत.

४/
आरंभ अत्यंत लहान होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पुस मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल मद्रासला नेले. उत्पन्नाचा आधार टपालाचा होता. माणूस हा जागा उरली तर घ्यायचा भार. पहिल्या संपूर्ण वर्षात टाटांच्या या सेवेने १५५ प्रवासी नेले. आजच्या एका विमानातही ते सगळे मावतील.

५/
दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याची जादा झालेली डकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. १९४६ पासून परवाना मंडळाने भराभर परवाने दिले. भारत एअरवेज, डेक्कन एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, बिजू पटनायक यांची कलिंग एअरलाइन्स अशा कंपन्या उभ्या राहिल्या. विमाने स्वस्त होती, पण इंधन स्वस्त नव्हते आणि तिकीट परवडणारा वर्ग मूठभर होता. आसने आली, बसणारे आले नाहीत.

६/
याच काळात महाराष्ट्राच्या आजच्या नकाशातील एक शहर देशाच्या हवाई टपालाचे केंद्र बनले. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपूर्वी ती परत फिरत. यामागचे अर्थशास्त्र आजही तेच आहे : जमिनीवर उभे असलेले विमान काहीच निर्माण करीत नाही. तेच विमान रात्रीही उडवले, तर नवे न घेता क्षमता वाढते.

७/
तरीही तोटा थांबेना. १९५० मध्ये सरकारने न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. उपलब्ध वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्या आहेत, असा तिच्या निष्कर्षाचा गाभा होता. नंतर सरकारने विलीनीकरणाहूनही पुढचे पाऊल उचलले. १९५३ च्या कायद्याने आठ कंपन्यांची देशांतर्गत सेवा एकाच महामंडळात विलीन झाली. नियमित विमानसेवा चालवण्याचा अधिकार खासगी कंपन्यांना उरला नाही. ही बंदी पुढे चार दशके टिकली.

८/
या चार दशकांत विमाने मोठी आणि वेगवान होत गेली. १९५७ मध्ये व्हायकाउंट, १९६१ मध्ये फोकर फ्रेंडशिप, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे पहिले जेट, सत्तरीच्या दशकाच्या आरंभी बोइंग ७३७ आणि १९७६ मध्ये अडीचशेहून अधिक आसनांची रुंद एअरबस ए-३००. महामंडळाने काहीच केले नाही, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ईशान्येपासून अंदमानापर्यंत त्याने देश जोडला, तोही बाजाराने कधी जोडला नसता अशा ठिकाणी.

९/
प्रश्न गतीचा होता. विमान घ्यायचे तर परकीय चलन लागे आणि परकीय चलन म्हणजे दिल्लीतील अनेक दारे. मागणी वाढली म्हणून विमान येत नसे. फाइल मंजूर झाली की येई. तोवर प्रवासी प्रतीक्षायादीत. तिकीट मिळणे ही ऐपतीइतकीच ओळखीची गोष्ट झाली. डकोटासारखी विमाने निवृत्त होत गेली, तशी छोटी ठिकाणे मागे पडली. त्यांच्यासाठी १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही स्वतंत्र सरकारी सेवा काढावी लागली. तोट्याच्या ओझ्याखाली तीही १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

१०/
एकाच हाती सर्व आसने असली की काय होते, याचा धडा १९९० मध्ये मिळाला. १४ फेब्रुवारी रोजी बंगळूरला इंडियन एअरलाइन्सचे नवेकोरे ए-३२० विमान कोसळले. ९२ जणांचा मृत्यू झाला. सरकारने या जातीचा संपूर्ण ताफा अनेक महिने जमिनीवर ठेवला. सर्वांत नवी विमाने उभी राहिली आणि देशाची हवाई क्षमता एका आदेशासरशी आक्रसली. तिची जागा घेऊ शकेल अशी दुसरी कंपनीच अस्तित्वात नव्हती.

११/
दुसरा धडा लगेच आला. १९९२ च्या अखेरीस वैमानिकांच्या संपामुळे महामंडळाला परदेशी विमाने त्यांच्या कर्मचाऱ्यांसह भाड्याने आणावी लागली. त्यांपैकी उझबेकिस्तानचे एक तुपोलेव ९ जानेवारी १९९३ रोजी दाट धुक्यात दिल्लीला उतरताना उलटले. सुदैवाने त्यातील सर्वजण वाचले. सत्तेचाळीस वर्षांपूर्वी जिथे कंपन्यांची गर्दी होती, तो देश आता उसन्या विमानांवर दिवस काढीत होता.

१२/
तोवर दार किलकिले झाले होते. कायदा अजून आड येत होता, म्हणून नव्या कंपन्यांना ‘एअर टॅक्सी’ म्हटले गेले. टॅक्सीला वेळापत्रक नसते, म्हणून त्यांना आपले वेळापत्रक जाहीर करण्याचीही मुभा नव्हती. १९९२ मध्ये ईस्ट-वेस्ट उडू लागली. १९९३ मध्ये दमानिया, मोदीलुफ्त, जेट एअरवेज आणि सहारा आल्या. १ मार्च १९९४ पासून १९५३ च्या कायद्याची मक्तेदारी अधिकृतपणे संपली.

१३/
त्याच दिवशी आणखी एक नियम लागू झाला. त्याची चर्चा फारशी होत नाही, पण देशाच्या हवाई नकाशावर त्याचा ठसा खोल आहे. मार्गांचे तीन वर्ग करण्यात आले. मुंबई-दिल्लीसारखे बारा मुख्य मार्ग पहिल्या वर्गात. या मार्गांवर कंपनी जेवढे आसन-किलोमीटर उडवील, त्याच्या किमान १० टक्के क्षमता ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान आणि लक्षद्वीप येथे द्यायची आणि किमान ५० टक्के उरलेल्या देशात. मलई खायची तर ताकही प्यावे लागेल, असा हा व्यवहार होता.

१४/
पहिल्या पिढीचा शेवट मात्र झपाट्याने झाला. ईस्ट-वेस्टचे प्रमुख थकियुद्दीन वाहिद यांची नोव्हेंबर १९९५ मध्ये मुंबईत गोळ्या घालून हत्या झाली. कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. दशक संपण्यापूर्वी दमानिया आणि मोदीलुफ्तही इतिहासजमा झाल्या. जेट आणि सहारा तेवढ्या तगल्या. येथून एक विलक्षण प्रथा सुरू झाली : कंपनी मरते, पण तिचे अवशेष उडत राहतात. मोदीलुफ्तच्याच कायदेशीर सांगाड्यावर २००५ मध्ये स्पाइसजेट उभी राहिली.

१५/
आसनांचा खरा पूर त्यानंतर आला. ऑगस्ट २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने ४८ आसनी एटीआर विमानाने बंगळूर-हुबळी सेवा सुरू केली. जेवण नाही, वर्ग नाहीत, काही आसने एक रुपयात. २००५ मध्ये किंगफिशर, स्पाइसजेट आणि गो-एअर आल्या. ऑगस्ट २००६ मध्ये इंडिगो. इंडिगोने तर पहिले उड्डाण करण्याच्या वर्षभर आधीच, २००५ च्या पॅरिस प्रदर्शनात, १०० विमानांची मागणी नोंदवली होती.

१६/
ज्या देशात एक विमान घ्यायला वर्षे लागत, तिथे शंभर विमाने घ्यायला पैसा कुठून आला? उत्तर ‘विकून परत भाड्याने घेणे’ या पद्धतीत आहे. कंपनी घाऊक सवलतीत विमान घेते, ताबा मिळताच ते भाडेकंपनीला विकते आणि तेच विमान महिन्याच्या भाड्याने उडवते. भांडवल अडकत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की बहुसंख्य विमाने कंपनीच्या मालकीची नसतात. कंपनी बुडाली तरी विमान बुडत नाही. मालक ते दुसऱ्याला देतो.

१७/
पूर आला तसे किनारेही तुटले. २००७ हे विलीनीकरणाचे वर्ष : जेटने सहारा विकत घेतली, किंगफिशरने डेक्कनमध्ये मोठा वाटा घेतला, सरकारने एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. तिन्ही व्यवहारांमागील आशा सारखीच होती : स्पर्धक कमी झाले की आसने कमी होतील आणि भाडे सावरेल. तिन्ही ठिकाणी ती फसली. काही वर्षांपूर्वी सुमारे एक पंचमांश प्रवासी नेणारी किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली.

१८/
किंगफिशरच्या पडझडीची खूण आकड्यांत स्पष्ट दिसते. देशांतर्गत प्रवासी २०११ मध्ये ६.०७ कोटी होते. २०१२ मध्ये ते ५.८८ कोटींवर आले. २०१३ मध्ये मात्र पुन्हा ६.१४ कोटी. जखम वर्षभरात भरली, कारण उरलेल्या चार-पाच कंपन्यांनी रिकामी जागा व्यापली. भाडेकंपन्यांची अडकलेली विमाने, थकलेले पगार आणि बँकांची बुडालेली कर्जे ही त्या भरलेल्या जखमेची न दिसणारी बाजू.

१९/
पुढचा टप्पा आणखी वेगाचा. २०१६ मध्ये प्रवासी दहा कोटींच्या उंबरठ्यावर पोहोचले. एप्रिल २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली पहिले विमान शिमला-दिल्ली मार्गावर उडाले; छोट्या शहरांच्या फेऱ्यांतील काही आसनांना भाड्याची मर्यादा आणि त्या तोट्याची भरपाई मोठ्या मार्गांवरील अधिभारातून. १९९४ चेच तत्त्व, नव्या रूपात. नाशिक, नांदेड, जळगाव आणि कोल्हापूर ही नावे याच योजनेतून वेळापत्रकांत झळकली. विमान टिकले का, हा प्रश्न मात्र मार्गागणिक वेगळे उत्तर देतो.

२०/
१७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उतरले. सव्वाशेच्या आसपास विमाने चालवणारी, पंचवीस वर्षांची कंपनी. उन्हाळी सुट्ट्यांच्या तोंडावर भाडी कडाडली. पण विमाने आणि वैमानिक हळूहळू इतरांकडे गेले. मुंबई-दिल्ली विमानतळांवरील तिच्या उड्डाणवेळाही प्रतिस्पर्ध्यांना तात्पुरत्या वाटून दिल्या गेल्या. २०१८ मध्ये सुमारे १८ टक्क्यांनी वाढलेली प्रवासी संख्या २०१९ मध्ये चारेक टक्क्यांनीच वाढून १४.४१ कोटींवर गेली. घटली मात्र नाही.

२१/
इथे जमिनीची बाजू पाहिली पाहिजे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे. तिथे नागरी विमानांना उरलेल्या वेळेत बसवून घ्यावे लागते. त्यामुळे ‘उतरण्याची वेळ’ हीच या धंद्यातील दुर्मीळ जमीन ठरली. मोपा २०२३ मध्ये आणि नवी मुंबई २०२५ च्या अखेरीस सुरू झाली, ती याच टंचाईचे उत्तर म्हणून.

२२/
२०२० मध्ये सरकारने पुन्हा एकदा आसने मोजून दिली. २५ मार्चला उड्डाणे बंद. २५ मेला सुरू, पण नियोजित क्षमतेच्या एकतृतीयांशच. मग ४५, ६०, ७०, ८० टक्के. दुसऱ्या लाटेनंतर जून २०२१ मध्ये पुन्हा ५०. अखेर १८ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्ण मोकळीक. भाड्याला वरची मर्यादा होती, तशीच खालचीही. खालची मर्यादा दुबळ्या कंपन्यांना स्वस्ताईच्या युद्धातून वाचवण्यासाठी. २०१९ चे १४.४१ कोटी प्रवासी २०२० मध्ये ६.३ कोटींवर आले होते.

२३/
सावरणे तेवढेच नाट्यमय ठरले : २०२३ मध्ये १५.२ कोटी, २०२४ मध्ये १६.१३ कोटी. एका महिन्याची आसने पाहिली, तर एप्रिल २०१४ मधील सुमारे ८० लाखांवरून एप्रिल २०२४ मध्ये ती सुमारे १ कोटी ५५ लाखांवर गेली. भारत अमेरिका आणि चीन यांच्यामागोमाग जगातील तिसरी मोठी देशांतर्गत बाजारपेठ झाला.

२४/
पण याच काळात हात कमी होत गेले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली. मे २०२३ मध्ये इंजिनांच्या तुटवड्याने जेरीस आलेली गो फर्स्ट थांबली. दिवाळखोरीच्या स्थगितीमुळे तिची विमाने मालकांनाही दीर्घकाळ मिळाली नाहीत. २०२५ मध्ये संसदेने भाडेकंपन्यांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आता दहापैकी सहाहून अधिक प्रवासी इंडिगोचे आणि इंडिगो व एअर इंडिया समूह मिळून सुमारे नऊ.

२५/
डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात याचा अर्थ देशाला कळला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि त्यांच्याशी इंडिगोच्या वेळापत्रकाचा मेळ बसेना. ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानाचे ढीग साचले. सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली, नियमांत तात्पुरती सवलत द्यावी लागली आणि नंतर कंपनीची उड्डाणे १० टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश निघाला.

२६/
हा प्रसंग १९९० च्या शेजारी ठेवून पाहावा. तेव्हा एका सरकारी आदेशाने ताफा थांबला आणि पर्याय नव्हता, कारण कायद्याने दुसऱ्या कंपनीला मनाई होती. २०२५ मध्ये कायद्याची कोणतीही मनाई नव्हती. तरीही पर्याय अपुरा पडला. २०१२ ची जखम वर्षभरात भरली, २०१९ मध्ये वाढ नुसती मंदावली. पण ज्या कंपनीकडे निम्म्याहून अधिक आसने आहेत, तिची जागा घेण्याइतकी आसने दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाहीत.

२७/
राजाध्यक्ष समितीसमोरचा प्रश्न होता : प्रवासी थोडे आणि कंपन्या फार, यांचे काय करावे? पाऊणशे वर्षांनी तो प्रश्न उलटा होऊन परत आला आहे : प्रवासी कोट्यवधी आणि कंपन्या दोन. मधल्या काळात आसने जवळपास प्रत्येक संकटातून वाचली, कारण पडलेल्या कंपनीची विमाने, वेळा आणि वैमानिक घ्यायला कोणीतरी उभे असे. देशाच्या हवाई क्षमतेचा खरा विमा आजवर हाच होता. शेकडो नव्या विमानांच्या मागण्या नोंदल्या गेल्या आहेत, त्यामुळे आसने वाढणार हे निश्चित. ती किती हातांत असतील, यावर पुढच्या संकटाची किंमत ठरेल.

(धागा समाप्त)